'मांकारे' या इटालियन क्रियापदाचे अर्थ आणि वापर

पैलतीर (धागाकर्ता)

इटालियन शिकायला घेतलं की पहिल्या काही धड्यांतच 'मांकारे' भेटतं. बरीच पुस्तकं त्याच्यापुढे इंग्रजी 'मिस' एवढा एकच अर्थ लिहून मोकळी होतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. 'मी तुला मिस करतो' हे वाक्य आता मराठीत इतकं रुळलंय की त्याच साच्यावर 'ति मांको' असं वाक्य तोंडी येतं. त्याचा अर्थ होतो 'तुला माझी उणीव भासते'. माणसं उलटीपालटी झाली.

हा धागा फक्त या एका क्रियापदासाठी. अर्थ अनेक आहेत, पण बहुतेकांच्या मुळाशी रचना एकच आहे, आणि ती मराठी माणसाला शिकावी लागत नाही, आठवावी लागते.

लिहिण्याबद्दल आधी: इटालियन शब्द अवतरणांत देतोय. 'मि', 'ति', 'चि', 'वि' ही सर्वनामं मुद्दाम ऱ्हस्व ठेवली आहेत, म्हणजे 'मि' (मला) आणि आपला 'मी' यांची गल्लत होणार नाही.

मुख्य गोष्ट अशी की जे नाही, जे कमी आहे, ते 'मांकारे'चा कर्ता. ज्याला ते कमी आहे त्याला 'ला' लागतो. 'मला तू आवडतेस' हे वाक्य बघा. 'आवडतेस' हे रूप 'तू'मुळे आलं, 'मला'मुळे नाही. 'आम्हाला तू आवडतेस' म्हटलं तरी क्रियापद हलत नाही. 'मि मांकी' तसंच: 'मि' म्हणजे मला, 'मांकी' हे 'तू'चं रूप. शब्दशः 'मला तू उणी आहेस', म्हणजेच 'मला तुझी आठवण येते'.

वर्तमानकाळ: 'मांको' (मी), 'मांकी' (तू), 'मांका' (तो, ती, ते), 'मांक्यामो' (आम्ही), 'मांकाते' (तुम्ही अनेक), 'मांकानो' (ते, त्या).
कोणाला: 'मि' मला, 'ति' तुला, 'ल्यि' त्याला, 'ले' तिला, 'चि' आम्हाला किंवा आपल्याला, 'वि' तुम्हा सगळ्यांना, आणि त्यांना पुन्हा 'ल्यि'. आदरार्थी एकवचनासाठीही 'ले'च.

आता कुठलीही जोडी लावा. 'ति मांको?' म्हणजे 'तुला माझी आठवण येते का?' 'चि मांकाते' म्हणजे 'आम्हाला तुमची उणीव भासते'. 'मि मांकानो इ म्येई' म्हणजे 'माझ्या घरच्यांची आठवण येते'. 'इ म्येई', शब्दशः 'माझे', म्हणजे घरची माणसं, विशेषतः आईवडील.

नाव घेऊन सांगायचं तर 'आ' लागतो. 'आ मार्को मांका ला सोरेल्ला': मार्कोला बहिणीची आठवण येते. 'मार्को मांका आल्ला सोरेल्ला': बहिणीला मार्कोची आठवण येते. शब्दक्रमावर विसंबू नका, 'आ' कोणाला लागलाय ते बघा.

बाकीच्या अर्थांची जाणकारांनी भर घालावी.

अनुस्वार

चांगला धागा. उच्चार आणि स्पेलिंगची भर.

'मांकारे'तला 'मां' आपल्या 'अंक'मधल्या अनुस्वारासारखाच, त्यामुळे मराठी जिभेला अडचण नाही. अडचण आघाताची आहे. मूळ रूपात आघात 'का'वर, पण 'मांकानो'मध्ये तो पहिल्या अक्षरावर, 'मां'वर येतो. 'का'वर जोर देऊन म्हटलं की ऐकणारा क्षणभर थांबतो. इटालियनमध्ये वर्तमानकाळाच्या अनेकवचनी 'ते, त्या' रूपात आघात एकवचनातल्या जागीच राहतो, पुढच्या अक्षरावर सरकत नाही. 'पार्लानो', 'आबितानो' यांचंही तेच.

लिहिताना इ किंवा ए च्या आधी 'क' टिकवायचा असेल तर सी पुढे एच घालावा लागतो. म्हणून 'मांकी', 'मांक्यामो', 'मांकेरो' (भविष्यकाळ) आणि 'मांकेरेब्बे' (संकेतार्थ, 'झालं असतं' सारखं) यांत एच आहे, 'मांको', 'मांका', 'मांकाते', 'मांकानो' यांत नाही. निरोप लिहिताना एच गाळला तर 'मांकी'चं 'मांची' होतं. हीच चूक लेखी परीक्षेत हमखास दिसते.

थोरलाआजगर

कालाबद्दल काही सांगाल का? 'तुझी खूप आठवण आली' हे भेटल्यावर म्हणायचं तर कुठलं रूप?

पैलतीर

तीन प्रसंग, तीन काळ.

निरोप घेताना भविष्यकाळ: 'मि मांकेराई', तुझी आठवण येईल. पुन्हा भेटल्यावर 'मि सेइ मांकातो' किंवा 'मि सेइ मांकाता'. मागच्या काळातली सतत राहिलेली अवस्था सांगायची असेल तर 'मि मांकावी': तिकडे असताना तुझी आठवण येत राहायची.

'मांकातो' की 'मांकाता' हे बोलणाऱ्यावर ठरत नाही, ज्याची आठवण आली त्याच्यावर ठरतं. पुरुषाला उद्देशून 'मांकातो', स्त्रीला 'मांकाता', अनेकांना 'मि स्येते मांकाती', अनेक स्त्रियांना 'मांकाते'. मराठीत 'मला तू आवडलास' आणि 'मला तू आवडलीस' यांत बोलणारी बाई की पुरुष याने फरक पडत नाही, तेच इथे. मुलगी स्वतःबद्दल विचारेल तेव्हा 'ति सोनो मांकाता?', कारण तिथे कर्ता तीच.

मुळाक्षर

व्युत्पत्ती सांगतो, कारण ती कळली की विखुरलेले अर्थ एका ओळीत बसतात.

लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात आणि 'मांकुस' म्हणजे हाताने अधू, थोटा. त्यावरून इटालियन विशेषण 'मांको': उणा, अपुरा. दोन हातांतला कमजोर तो डावा, म्हणून जुन्या इटालियनमध्ये 'मानो मांका' म्हणजे डावा हात. आजही डावखुऱ्याला 'मांचीनो' म्हणतात (इथे एच नाही, म्हणून 'च'). या 'मांको'वरून 'मांकारे'.

स्पॅनिशमध्ये मूळ अर्थ जिवंत आहे. तिथे 'मांको' म्हणजे थोटाच. 1571 च्या लेपांतोच्या लढाईत डावा हात निकामी झाला म्हणून सेर्वांतेसला 'लेपांतोचा थोटा' असं टोपणनाव मिळालं. फ्रेंचांनी आपलं 'मांके' इटालियनकडूनच उचललं. पोर्तुगीजमध्ये मात्र 'मांकार' म्हणजे लंगडणे. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोललं जात होतं त्यांनी ही सोयरीक ध्यानात ठेवावी, अर्थ आणू नये.

अभिजात लॅटिनमध्ये 'कमी असणे'साठी वेगळी क्रियापदं होती, 'देएस्से' आणि 'कारेरे'. 'देएस्से'सोबत ज्याला कमी आहे तो चतुर्थीतच येई: 'मिही देएस्त', मला कमी आहे. म्हणजे शब्द बदलला, वाक्याची घडण तीच राहिली. 'कारेरे' इटालियनमध्ये 'कारेंत्सा' (कमतरता, उदाहरणार्थ जीवनसत्त्वाची) या नामात उरलं आहे.

आजच्या बोलीत 'मांको' क्रियाविशेषण म्हणूनही चालतं, 'सुद्धा नाही' या अर्थाने. 'मांको पेर सोन्यो' म्हणजे स्वप्नातसुद्धा नाही, 'मांको मोर्तो' म्हणजे मेलो तरी नाही. हे बोलण्यातलं आहे, अर्जात लिहू नये. आणि 'मी उणा आहे' या अर्थाचं 'मांको' हे क्रियापदाचं रूप वेगळं.

दुपारची

वस्तू आणि वेळ यांच्यासाठी मराठीत 'कमी' हा एकच शब्द धरला तरी जवळजवळ सगळं निभतं.

'मांका इल साले': मीठ कमी आहे. 'मांकानो दुए सेद्ये': दोन खुर्च्या कमी आहेत. 'मि मांकानो द्येची एउरो': मला दहा युरो कमी पडतात. 'की मांका?': कोण आलेलं नाही? वर्गात, सहलीच्या बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर हे रोज ऐकू येतं. दिवे गेले तर 'ए मांकाता ला लूचे'.

वेळेसाठी: 'मांकानो द्येची मिनूती आल्ले ऑत्तो', आठला दहा कमी. 'मांका उन क्वार्तो आल्ले ऑत्तो', पावणेआठ. (आपलं 'पाऊण' हेही 'पादोन', पाव उणे, यावरूनच आलंय.) तासाआधी 'आल्ले' लागतं. एक वाजायचा असेल तर 'आल्लूना', आणि दुपारी बारासाठी 'आ मेद्जोजोर्नो', तिथे उपपद नाही. नाताळालाही नाही: 'मांका उन मेज़े आ नाताले'.

गाडीत विचारायला 'क्वांतो मांका?', अजून किती? वेळ असो की अंतर, प्रश्न तोच. स्टेशनचं नाव जोडायचं तर 'क्वांतो मांका आ बोलोन्या?'

सगळ्यात जास्त चुका एकवचन-अनेकवचनात होतात. दहा मिनिटं अनेकवचनी, म्हणून 'मांकानो'. एक क्वार्तो एकवचनी, म्हणून 'मांका'. फसवं रूप 'क्वाल्के'चं. 'काही दिवस बाकी आहेत' हे मराठीत अनेकवचन, पण इटालियनमध्ये 'क्वाल्के'नंतर नाम एकवचनीच येतं आणि क्रियापदही: 'मांका आंकोरा क्वाल्के जोर्नो'.

मोजताना 'ने' विसरू नका. 'क्वांती ने मांकानो?' 'ने मांकानो त्रे.' त्यातले किती कमी? तीन. आधी उल्लेख झालेल्या वस्तूंची नुसती संख्या सांगताना 'ने' हवंच.

आणि नकार लावला की अर्थ भरपूरकडे जातो. 'नोन मांकानो इ प्रोब्लेमी' म्हणजे अडचणींना तोटा नाही.

थोरलाआजगर

मग 'ट्रेन मिस झाली'ला 'मांकारे' का चालत नाही? नेमबाजीत तर चालतं असं वाचलं.

मध्यलय

कारण इंग्रजी 'मिस'च्या पोटात इटालियनमधली चार-पाच क्रियापदं आहेत. वाहन चुकलं तर 'पेर्देरे', म्हणजे गमावणे: 'ओ पेर्सो इल त्रेनो'. फोन उचलला नाही तर 'क्यामाता पेर्सा', म्हणजे तेही 'पेर्देरे'च. तास बुडवला तर 'साल्तारे', उडी मारून ओलांडणे. 'मांकारे' फक्त नेम चुकणे, हुकणे या अर्थाने सकर्मक होतं: 'आ मांकातो इल बेर्साल्यो', नेम चुकला. फुटबॉलच्या वर्णनात 'आ मांकातो इल गोल' येतं. ठरवलेलं लक्ष्य गाठता आलं नाही तर 'मांकारे लोब्येत्तीवो'.

आता इथून पुढचं जरा सावकाश वाचा. पुस्तकं म्हणतात की 'मांकारे'ला सहाय्यक क्रियापद कधी 'एस्सेरे' (असणे) तर कधी 'आवेरे' (जवळ असणे), आणि पुढे यादी देतात. यादी पाठ करण्यापेक्षा कर्ता बघावा.

कर्ता ही 'नसलेली, उणी असलेली गोष्ट' असेल तर 'एस्सेरे'. मीठ नव्हतं, वीज गेली, तुझी आठवण आली, धीर झाला नाही ('मि ए मांकातो इल कोराज्जो'): सगळीकडे 'एस्सेरे', आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं.

कर्ता हा 'चुकणारा, कमी पडणारा माणूस' असेल तर 'आवेरे'. त्यात चार प्रकार येतात. नेम चुकणे वर आलंच. दुसरा 'मांकारे आ', शब्द किंवा कर्तव्य न पाळणे: 'आ मांकातो आल्ला पारोला दाता', दिलेला शब्द मोडला. तिसरा 'मांकारे दि' पुढे गुणवाचक नाम: 'आ मांकातो दि तात्तो', त्याने तारतम्य दाखवलं नाही. चौथा 'मांकारे दि' पुढे क्रियापद, तोही बहुतेक नकारातच: 'नोन मांकेरो दि इन्फोर्मार्ला', आपल्याला कळवायला चुकणार नाही. औपचारिक पत्रात हे वाक्य फार उपयोगी. नुसतं 'ओ मांकातो' म्हणजे 'माझं चुकलं'.

फरक किती पडतो त्यासाठी तीन वाक्यं शेजारी ठेवा.

'मि ए मांकातो': मला त्याची उणीव भासली.
'मि आ मांकातो पेर उन पेलो': त्याचा नेम माझ्यावरून केसभराने हुकला. इथे 'मि' म्हणजे 'मला' हे कर्म आहे.
'मि आ मांकातो दि रिस्पेत्तो': तो माझ्याशी अनादराने वागला.

'एस्सेरे'चं 'ए' की 'आवेरे'चं 'आ', आणि पुढे काय येतं, एवढ्यावरून आठवण, गोळी आणि अपमान.

गैरहजेरीच्या बाबतीत सीमारेषा पुसट आहे. 'अपॉइंटमेंटला आला नाही' यासाठी दोन्ही सहाय्यक क्रियापदं वापरात दिसतात: गैरहजर होता असं बघितलं तर 'एस्सेरे', ठरलेलं पाळलं नाही असं बघितलं तर 'आवेरे'.

मुळाक्षर

मध्यलय यांनी कर्त्यावरून उलगडलं ते फार नीट आहे. एक पुरवणी. 'ल्यि मांका लेस्पेर्येंत्सा' आणि 'मांका दि एस्पेर्येंत्सा' दोन्हींचा अर्थ 'त्याला अनुभव कमी आहे'. पहिल्यात अनुभव कर्ता, उपपद लागतं, रोजच्या बोलण्यातलं. दुसऱ्यात माणूस कर्ता, 'दि'नंतर उपपद नाही, आणि सूर शेरा लिहिल्यासारखा. 'दि'नंतर उपपद घालणं ही सर्रास होणारी चूक.

'मांकारे दा'ही लक्षात असू द्या: 'मांको दा रोमा दा दुए आन्नी', दोन वर्षांत रोमला गेलेलो नाही. मराठीत भूतकाळ येतो, तिथे वर्तमानकाळच हवा, कारण अनुपस्थिती अजून चालू आहे.

कागदपत्र

जे इटलीत राहतात त्यांच्यासाठी: 'मांकातो, मांकाता' हे नामाच्या आधी आलं की 'न झालेलं' असा अर्थ होतो, आणि ते बोलण्यापेक्षा कागदावर जास्त भेटतं.

'मांकातो पागामेंतो' म्हणजे पैसे भरलेले नाहीत. 'मांकाता कोन्सेन्या' म्हणजे पार्सल पोचवता आलं नाही. दारावर चिठ्ठी चिकटवलेली असते त्यावर हेच शब्द असतात, आणि पुढचं पाऊल आपण उचलायचं असतं. 'मांकाता रिस्पोस्ता' म्हणजे उत्तर दिलेलं नाही. भाडेकरार किंवा विम्याच्या अटींत हा शब्द दिसला की तिथे थांबून वाचावं, कारण बहुधा त्यापुढे दंड किंवा मुदत लिहिलेली असते. 1942 च्या इटालियन दिवाणी संहितेतलं 1223 वं कलम नुकसानभरपाईत 'मांकातो ग्वादान्यो' धरायला सांगतं: हातात यायचा होता पण आला नाही तो नफा.

नामानंतर आलं तर अर्थ वेगळा. 'उन आत्तोरे मांकातो' म्हणजे नट व्हायचा राहिलेला माणूस. हिशेबात कमी भरलेली रक्कम 'आम्मांको'. गल्ल्यात पैसे कमी निघाले तर हाच शब्द.

अजून एक सावधगिरी. इटालियन गावांत भिंतींवर मृत्यूची पत्रकं लावतात. त्यांवर एक ठरलेलं वाक्य असतं, 'ए मांकातो आल्लाफ्फेत्तो देइ सुओइ कारी', म्हणजे 'आप्तांच्या मायेला अंतरला'. त्यामुळे माणसाबद्दल नुसतं 'ए मांकातो' म्हटलं की ऐकणारा 'वारला' असं समजू शकतो. काल मार्को ऑफिसात नव्हता एवढंच सांगायचं असेल तर 'येरी मार्को नोन चेरा' म्हणावं. 'येरी ए मांकातो मार्को' म्हणू नये, समोरचा सांत्वन करायला लागेल.

डॉक्टरांकडे: 'मि सेंतो मांकारे' म्हणजे भोवळ येतेय, आता पडेन असं वाटतंय. 'मि मांका इल फ्यातो' म्हणजे दम लागतो. ही दोन वाक्यं इटलीत राहणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावीत.

दुपारची

वाक्प्रचारांचं कोणी लिहिलं नाही अजून. माझ्या मते 'मांकारे'ची खरी गोडी तिथे आहे.

'चि मांकावा सोलो क्वेस्ता!' म्हणजे अगदी आपलं 'एवढंच बाकी होतं!' एकामागून एक अडचणी आल्यावर शेवटची येते तेव्हा.

'चि मांकेरेब्बे!' हे ज्यांना वेळेवर सुचतं त्यांचं इटालियन लगेच घरचं वाटायला लागतं. कोणी 'इथे बसू का?' विचारलं, तर उत्तर 'चि मांकेरेब्बे!': अहो, विचारता काय! कोणी आभार मानले, तर तेच: त्यात काय एवढं. त्रास दिल्याबद्दल माफी मागितली, तरी तेच. 'आल्त्रो' जोडून 'चि मांकेरेब्बे आल्त्रो' हेही चालतं. पण पुढे 'सोलो के' आलं की सूर फिरतो: 'चि मांकेरेब्बे सोलो के प्योवेस्से', आता पाऊस यायचा तेवढाच बाकी आहे. 'के'नंतर 'कोंज्युंतीवो'चं (शक्यता, कल्पना दाखवणाऱ्या रूपांचं) भूतकाळी रूप ('प्योवेस्से') लागतं, साधं वर्तमान नाही. इथला 'चि' म्हणजे 'आम्हाला' नव्हे. तो वाक्प्रचाराचा भाग आहे, सुटा करू नये.

'चे मांकातो पोको के कादेस्सी': पडता पडता वाचलो. 'कादेस्सी' पुन्हा 'कोंज्युंतीवो'. काही वेळा यात 'नोन' घातलेला दिसतो, 'के नोन कादेस्सी', तरी अर्थ नकारार्थी होत नाही. ज्यांना ही रूपं अजून जमत नाहीत त्यांनी 'पेर पोको नोन कादेवो' म्हणावं; तोच अर्थ, साधा अपूर्ण भूतकाळ. फारच थोडक्यात वाचलो तर 'चे मांकातो उन पेलो', केसाचं अंतर राहिलं.

माणसाबद्दल: 'ल्यि मांका ऊना रोतेल्ला', त्याचं एक चाक कमी आहे, म्हणजे डोक्याचा स्क्रू ढिला. 'ल्यि मांका उन वेनेर्दी', त्याच्या आठवड्यात एक शुक्रवार कमी आहे. हुशार कुत्र्याबद्दल 'ल्यि मांका सोलो ला पारोला', बोलायचाच काय तो राहिलाय. जो हौसेला काही कमी पडू देत नाही त्याच्याबद्दल 'नोन सि फा मांकारे न्येंते'.

आणि मुलांचं 'चेलो, चेलो, मांका'. मोदेना शहरातल्या पानिनी कंपनीने 1961 मध्ये फुटबॉलपटूंच्या चित्रांचा संग्रह काढला, तेव्हापासून मुलं चित्रांची अदलाबदल करतात. समोरच्याचा गठ्ठा बघताना पटापट म्हणत जायचं: 'चेलो' (हे आहे माझ्याकडे), 'मांका' (हे नाही). यातूनच 'क्वेस्तो फिल्म मि मांका' आलं असावं असं वाटतं; अर्थ 'हा सिनेमा बघायचा राहिलाय'. त्यात आठवण वगैरे काही नाही.

निळीशाई

वाचनखूण साठवली. पण एक मत मांडते. सुरुवातीच्या विद्यार्थ्याने 'सेंतो ला तूआ मांकांत्सा' (मी तुझी उणीव अनुभवते) वापरावं, त्यात 'मी' कर्ता असतो आणि गोंधळ होत नाही. 'मांकारे' नंतर शिकावं.

पैलतीर

निळीशाई, वाक्य बरोबर आहे आणि वापरातही आहे. तरी सल्ला पटत नाही. 'सेंतीरे ला मांकांत्सा' जरा गंभीर, लिहिण्यातलं वाटतं आणि ते फक्त या एका अर्थाला पुरतं. मीठ, मिनिटं, खुर्च्या, धीर यांना 'मांकारे'च लागणार. शिवाय 'प्याचेरे' (आवडणे), 'सेर्वीरे' (लागणे), 'बास्तारे' (पुरणे) ही सगळी याच घडणीची आहेत. 'मला पेन लागतंय', 'मला एवढं पुरतं' असं आपण दिवसभर बोलतो. मराठी माणसाने ही रचना टाळायचं कारण नाही. इंग्रजीतून येणाऱ्याची अडचण आपण उगाच अंगावर घेतो.

निळीशाई

'पुरणे', 'लागणे'चा मुद्दा मान्य. मग ही वाक्यं तपासून द्याल का?

1. घरच्यांची फार आठवण येते: 'मि मांका मोल्तो इ म्येई'
2. पुण्याच्या पावसाची आठवण येते: 'मि मांका ला प्योज्जा दि पुणे'
3. तिला माझी आठवण येते का?: 'ले मांको?'
4. माझी बस चुकली: 'ओ मांकातो लाउतोबुस'
5. मराठी बोलायला मिळत नाही, त्याची उणीव भासते: 'मि मांकानो पार्लारे मराठी'
6. (मैत्रिणींना) तुम्हा दोघींची आठवण आली: 'मि स्येते मांकाती'

मध्यलय

1. 'मांकानो'. 'इ म्येई' अनेकवचन. 'मोल्तो'च्या जागी 'तांतो' म्हटलं तर जास्त मायेचं वाटतं.
2. बरोबर. पाऊस इटालियनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून भूतकाळात 'मि ए मांकाता ला प्योज्जा'.
3. बरोबर. समोरच्या आदरणीय व्यक्तीला विचारलं तरी हेच वाक्य, त्यामुळे 'तिला' की 'आपल्याला' ते संदर्भानेच कळेल.
4. 'ओ पेर्सो लाउतोबुस'.
5. 'मि मांका पार्लारे मराठी'. क्रियापदाचं मूळ रूप कर्ता झालं की एकवचनच. मराठीतही 'मराठी बोलणं आवडतं', 'आवडतात' नाही.
6. दोघीही स्त्रिया असल्याने 'मि स्येते मांकाते'. गटात एकही पुरुष असेल तर 'मांकाती'.